अज्ञान, तर्फे

वकिलांनी पहिल्या ओळीत लिहिलं:
तेजल परशराम घाडी, वय वर्षे नऊ, अज्ञान,
तर्फे पालनकर्ती आई.
पोरीनं वाकून वाचलं. तिला राग आला.
सतराचा पाढा येतो मला, म्हणाली,
अज्ञान कसली?

हलगेकर वकील हसले, चष्मा पुसला.
कायद्यात लहान माणसाला तसंच म्हणतात, बाळ.
खाली आवारात पट्टेवाला कन्नडमध्ये
नाव पुकारत होता. आमचं नव्हतं.

खरं आमचं पुकारणार तरी कुठं?
घर खानापूर तालुक्यात, समुद्र गोव्यात,
जखम वाळूत, टाके बेळगावात.
जबाब घेतला कोंकणीतून,
दवाखान्याचा कागद इंग्रजीत,
ओरडणं तेवढं मराठीत.
हद्द कुणाची, हा पहिला प्रश्न, वकील म्हणाले.
हा प्रश्न आमच्याकडं पोरं
बाराखडीच्या आधी ऐकतात.

मग त्यांनी वाटा सांगितल्या.
ग्राहक आयोगाचं इथंच चालेल,
दोन वर्षांच्या आत घालायचं,
खरं तुम्ही गिऱ्हाईक होता हे दाखवा.
मी पर्स उपडी केली.
छत्री-खुर्चीचे दोनशे, लिंबूसोडा दोन.
पावती होती, खाऱ्या पाण्यानं शाई उडालेली.
खिडकीकडं धरली तर सोडा दिसायचा,
खुर्ची नाही.

दिवाणी दावा घातला तर तारखेला
दर वेळी चोर्ल्याचा घाट उतरायचा.
नाहीतर थांबा, ही अठराची होईल,
मग तीन वर्षं तिची तिला मुभा आहे.
तेजल बोटं मोजू लागली,
एका हाताची संपली, दुसऱ्यावर गेली.

शॅकवाला फोनवर चाळीस हजार म्हणालाय,
आमच्या ह्यांनी हळूच सांगितलं.
दावा घातल्यावर अज्ञानाच्या नावची तडजोड
कोर्टाला विचारल्याबिगर होत नाही.
हे सरळ बसले होते, परत वाकले.
गाडीभाडं, औषधं, दोन महिन्यांची बुडालेली रोजंदारी,
सगळं त्यांच्या पाठीवर दिसत होतं.

मी विचारलं,
ह्यातल्या कुठल्या वाटेनं तो गज निघेल?
कुठला गज?
छत्रीचा. मागच्या हंगामातला.
वीतभर वाळूखाली उभा, गंजलेला,
हिच्या टाचेतनं आत गेला तो.
पंचायत म्हणते शॅकवाल्याचा,
शॅकवाला म्हणतो माझ्या आधीच्याचा,
आधीचा कुठं आहे कुणाला माहीत नाही.
गज आहे. उद्या रविवार आहे.

वकिलांनी पेन खाली ठेवलं.
खूप वेळ पंखाच बोलला.

माझा भाऊ मोनाप्पा रोज रात्री
भाजीची गाडी घेऊन गोव्याला उतरतो.
मी त्याला फक्त जागा सांगितली होती,
नारळाच्या वाकड्या झाडापासून वीस पावलं.
सोमवारी तो कोबीच्या पोत्यात
काहीतरी गुंडाळून वकिलांच्या दारात उभा.
पोतं सोडलं. वकिलांनी कपाळाला हात लावला.
अहो फोटो? पंचनामा? दोन साक्षीदार?
जागेवरनं हलवला कशाला?
मोनाप्पानं चपला काढल्या नव्हत्या, तिथंच थांबला.
पोरं खेळत होती की हो तिथं, म्हणाला.

फरशीवर मूठभर वाळू सांडली.
बेळगावात, दुसऱ्या मजल्यावर,
टेबलाच्या पायाशी.

तेजल लंगडत आली, कंपासपेटी उघडली,
पंधराची पट्टी पाच वेळा सरकवली.
चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, म्हणाली.
आणि टोक वाकडं आहे. लिहा.

वकिलांनी तिच्याकडं बघितलं, मग लिहिलं.
ईरण्णा कारकून झाडू घेऊन आला होता.
मी म्हटलं, जरा थांबा.