गोठवणीची रात्र

उदगीर. दीड वाजलाय, लाइट दोनदा जाऊन आली.
यादीत एकच ओळ उरलीय:
कूटलेखनाची लायब्ररी, जुनी की नवी?

जुनीच्या खोडी मला तोंडपाठ.
पण आमची आवृत्ती पाच वर्षं चालायची,
आणि हिची डागडुजी दिवाळीला संपते.
नवी घेतली, तर मोंढ्यातला काट्याचा कॉम्प्युटर
सकाळी सर्व्हरला ओळखच देणार नाही.
तुरीच्या गाड्या खोळंबतील,
मन्मथअप्पा विचारतील,
"काय करू लालास रे?"

नांदेडहून तहसीन एवढंच म्हणाली,
"कुलूप गंजल्याचं चोराला आधी कळतं."

नवी लिहिली.
उजाडायच्या आत पेनड्राइव्ह खिशात घालून
मोंढ्यात पोचलो.
अप्पा आडतीचं शटर उघडत होते.

किल्ली तिसऱ्यांदा लागली.