दोनशे चार

मोजणीच्या आदल्या दिवशी
बाबांकडे जायचं नाही, हा नियम मीच केलाय.
त्यांच्या दारामागे अजून खाणीचं जाकीट टांगलेलं आहे.
खाण बंद पडून तीस वर्षं झाली,
तरी झटकलं की राखाडी धूळ उडते,
आणि माझं यंत्र त्या धुळीला
माझ्यापेक्षा लवकर ओळखतं.

मी कानातलं काढते, अंगठी काढते,
केस टोपीत कोंबते.
आधी रिकामी कुपी मोजायची:
आम्ल, पाणी, आणि काहीच नाही.
त्या काहीच नाहीतही थोडं शिसं निघतंच.
तेवढं माझं.
तेवढं वजा करायचं.

मार्मिल्लाच्या टेकाडांवर मेंढ्या चारणारा बाकीझ्यो.
त्याच्या मेंढीचा पाय अडकला नुरागेच्या ढिगाऱ्यात,
बिनचुन्याचा तो गोल बुरूज, खापरपणजोबांनाही जुनाच होता.
दगड सरकवला तर खाली तांब्याचा तुकडा,
हिरवा, जड, एक कोपरा
वाळत घातलेल्या कातड्यासारखा ताणलेला.
शेजारी एक फुटका रांजण.
खात्याच्या बाईंनी नोंद केली, नमुने माझ्याकडे आले,
आणि नमुन्यांच्या मागोमाग, कालियारीची बस पकडून,
तोही.

"आपल्याच डोंगरातलं ना हे?"
विचारू या, म्हटलं.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
धातूचं विचारायचा मला पगार मिळतो.

तांब्यात शिसं असतं, चिमटीच्याही चिमटीएवढं,
पण भट्टीतून वितळून निघालं तरी माहेर विसरत नाही.
त्यात चार भावंडं.
दोनशे सहा, दोनशे सात, दोनशे आठ:
ही वाढत जाणारी, युरेनियम-थोरियम झिजत गेलं
तसतशी भर पडलेली.
आणि दोनशे चार,
पृथ्वी झाली तेव्हा होतं तेवढंच,
कुणी न आलेलं, कुणी न गेलेलं.
बाकीच्यांना त्याने भागायचं.
मग कळतं, कुठल्या खडकाचं दार
कधी मिटलं.

तांब्याचं दार सायप्रसला निघालं.

बाकीझ्यो टोपी चुरगाळत बसला.
"आपल्याकडे तांबं असताना?
एवढा समुद्र ओलांडून?"
काखेत कळसा, असं काहीतरी
माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.
त्याला पाणी दिलं.

रांजणाला मात्र उभा तडा गेला होता
आणि कुणीतरी तो फेकला नव्हता.
तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून
शिशाचे टाके घातले होते, ओबडधोबड,
एकावर अंगठ्याचा दाब अजून दिसतो.
टाक्याचा कण विरघळवला, रात्रभर वाट पाहिली.
आकडा आला तेव्हा तक्ता उघडावा लागला नाही.
तो मला पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा दात पडला,
काडेपेटीत घालून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.
"बघ, प्रियामो कुठला ते."
चौदाव्या वर्षी इग्लेसियासच्या खाणीत उतरलेला माणूस.
एका रविवारी, कुणी नसताना, मी दाताचा आतला थर मोजला
आणि वहीत लिहिला नाही.
गॅलेनाचा तोच जुना, हट्टी आकडा,
मासे नुकते होऊ लागले तेव्हाच्या खडकाचा.

हे बाकीझ्योला सांगितलं नाही.
त्याला एवढंच म्हटलं, तांबं परकं,
टाके इथले.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
मग म्हणाला, "आमची ही पण काही फेकत नाही,"
आणि शेवटची बस गाठायला निघाला.

शनिवारी बाबांकडे गेले.
शिळ्या पावावर रस्सा ओतून खात होते,
डाव्या बाजूने, कारण उजवीकडे आता काही नाही.
"काय निघालं?"
म्हटलं, आपलं थोडंसं.
"थोडंसं," ते म्हणाले, आणि खोकले,
बराच वेळ खोकले.
निघताना दार ओढलं तर जाकीट खाली पडलं.
उचलून पुन्हा टांगलं, बाही सरळ केली.

सोमवारी रिकामी कुपी
नेहमीपेक्षा जास्त भरली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: अज्ञात.
आणि वजा केलं.