पाइपलाइन कुठून गेली

आखाजीच्या दिवशी बटाईचं लिहून घेतलं.
रुबाब तडवीने लेकीची शाळेची वही आणली,
मागच्या पानावर सतराचा पाढा, अर्धाच.

त्याच्या खाली लिहिलं:
जमीन सुपडू बोंडेची, पावणेतीन एकर, विहिरीसकट.
हात रुबाबचे आणि त्याच्या बायकोचे.
रोपं निम्मी, खत निम्मं,
ठिबक जुनं, चालेल तोवर.
घडांचे पैसे कापणीच्या दिवशी,
काट्याची पावती दोघांनी पाहायची.
त्याने सही केली.
मी सहीसारखी दिसणारी एक रेघ ओढली.

पहिल्याच आठवड्यात बांधावरच्या कैऱ्या निघाल्या.
त्या वहीत नव्हत्या.
जुलेखाने न विचारता उतरवल्या, लोणचं घातलं,
अर्धी बरणी माझ्या ओट्यावर ठेवून गेली.
तिखट जास्तच होतं. मी बोललो नाही.

वीज रात्री बाराला येते.
तो घरी पडल्या पडल्या फोनवरून मोटर चालू करतो.
मी तरी उठतो. चपला चाचपडत शेतात जातो,
व्हॉल्व्हला कान लावतो.
एकदा तिथे आधीच एक टॉर्च उभी होती.
"झोप नाही लागली, आबा?"
"तुला लागली का भो?"
मग दोघं पाणी ऐकत बसलो.

दिवाळी सरली आणि सुकीकडच्या टोकाला
पाणी पोचेना. तिकडची केळी पानं पाडून उभी.
"लाइन कुठून गेलीय, आबा?"
म्हणालो, माझ्याशिवाय कोणाला ठाऊक?
एकोणऐंशी साली मीच गाडली,
सिमेंटचे नळ, जोडाला ताग आणि डांबर.
काठी टेकत मी पुढे, टिकाव घेऊन तो मागे.
इथे.
कमरेइतकं खणलं. काळी माती,
तिच्याखाली काळीच माती.
मग इथे, इथे बाभूळ होती.
"बाभूळ कुठेय, आबा?"
बाभूळ मी सुताराला विकली होती,
कोणत्या साली ते येईना.
दुसऱ्या खड्ड्यात गंजलेला फाळ निघाला,
माझ्या बापाचा असेल, नसेलही.
मी बांधावर बसलो.
चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे डोक्यात घेऊन हिंडलो
ते जमिनीत नव्हतं.
हात थरथरायला लागले, मी ते काठीवर ठेवले.

रुबाब हसला नाही. उकिडवा बसून
बांधालगतची हराळी बघत राहिला.
"तेवढ्या पट्ट्यात हिरवी आहे.
माझी माय पालच्या रानात झिरे अशीच शोधायची."
तिसरा खड्डा. गुडघाभर.
टिकाव ठण्ण वाजला.

फुटक्या जोडात एक मूळ शिरलेलं होतं,
वाळलेलं, मनगटाएवढं. बाभळीचं.
म्हणजे बाभूळ होती!
आठ पावलं चुकलो मी, एवढंच.
ते मूळ मी घरी आणलं. का, ते विचारू नका.

नवा तुकडा बसवला. खर्च निम्मा.
त्याने फोनमध्ये खूण केली,
मी दगड पुरून चुना फासला.
फोनची खूण दगडापासून पाच हात बाजूला पडते.
दोन्ही राहू दिल्या.

संध्याकाळी वही उघडून त्याने लिहिलं,
लाइन: विहिरीपासून तेहतीस पावलं, बांधाच्या कडेने.
लेक शेजारी बसून वाचत होती.
म्हणाली, "कोणाची पावलं? आबांची का बाबाची?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
उठलो. अंधार पडत होता,
विहिरीपासून दोघं पुन्हा निघालो, तोंडाने मोजत,
एकमेकांचा आकडा चुकवत.
माझी एक्केचाळीस भरली.
त्याची तेहतीसच.
तिने दोन्ही लिहिली, एकाखाली एक,
आणि वही परत मागितली.
तिला सतराचा पाढा पुरा करायचा होता.