पाणी फिरवण्याची वेळ

लानेलीत जानेवारीत चारलाच अंधार पडतो.
गोदीकडच्या गल्लीत, एकमेकांना खेटून उभ्या घरांपैकी
अकराव्या घरात आम्ही जिन्यालगतची भिंत करतोय:
एम्लिन प्रॉसर, वय एकसष्ट,
आणि मी, हाइल्वेन, त्याच्या हाताखाली सातवा महिना.

या भिंतीवरून कालच लोखंडी दांडे निघाले.
दांडे सहा, भोकं चोवीस.
आता धरायला कोण आहे घरात,
मिसेस बेव्हन म्हणाल्या आणि आत गेल्या.
किटलीचा आवाज बराच वेळ आला नाही.

जिप्सम कुणासाठी थांबत नाही.
पाण्यात पडलं की त्याचं घड्याळ सुरू.
गाठी मोडून घुसळलेल्या दह्यासारखं झालं की पहिला हात,
मग दुसरा, पेनीच्या नाण्याइतका जाड,
मग आपणच थांबायचं.
मला अजून ते जमत नाही.
मी बोट लावून बघते, एम्लिन माझ्या बोटाकडे बघतो.

चाळीस वर्षं त्यानं एकाच थापीनं भिंती घोटल्या.
थापीची कड झिजून वस्तऱ्यासारखी,
मूठ त्याच्या अंगठ्याच्या आकाराची.
मग अंगठ्याचा सांधाच गेला.
मागल्या वर्षी मुलानं हे पातं आणून दिलं,
हातभर रुंद, इतकं पातळ की हवेतही लवलवतं.
महिनाभर ते गाडीत मागे पडून होतं.
वाकतं ते हत्यार कसलं, म्हणायचा.
पुढची शिवी वेल्शमध्ये.

आता तो ते दोन्ही हातांनी धरतो.
जोर खांद्यातून येतो, कमरेतून, अंगठा नुसता सोबतीला.
पातं जरासं धनुकलीसारखं वाकतं
आणि थापीच्या रेघा (माझ्या तर ढीगभर)
वरपासून खालपर्यंत एका ओढीत मिटत जातात,
कडेला पातळ मलई साचते, ती तो बादलीत झटकतो.
दाबू नकोस, म्हणतो. भिंतीला कान असतील नसतील,
हिला पोक आहे.
मधोमध एक फुगवटा, घर बांधलं तेव्हापासूनचा.
ताठ पट्टी लावली की ती चहाडी करते.
हे पातं त्याच्यावरून जातं
आणि कुणाला काही सांगत नाही.

साडेतीनला मिसेस बेव्हन वरून उतरल्या.
तिसऱ्या पायरीवर हात दांड्याकडे गेला.
दांडे नवऱ्यासाठी होते,
पण तीन वर्षं त्याच्या मागून उतरताना
त्याही धरत असणार.
पाच बोटं, तळवा, मनगटाचा थोडा भाग.
अगं बाई, हे काय केलं मी,
आणि हात एप्रनला पुसत राहिल्या.

एम्लिननं घड्याळ पाहिलं, भिंत नाही.
काही झालेलं नाही, म्हणाला, चहाचं बघता का जरा.
मग फवाऱ्याची बाटली माझ्या हातात दिली:
फिरव पाणी.

पाणी फिरलं की सगळं वाया गेलं म्हणतात.
इथे अजून दहा मिनिटं होती.
मी फवारलं. भिंत पुन्हा थोडी मऊ झाली,
रागावलेलं माणूस होतं तशी, पूर्ण नाही.
पातं जवळजवळ आडवं धरून
बाहेरून आत, मग वरून खाली.
तळवा आधी गेला, मग करंगळी.
अंगठीची खाच तिसऱ्या ओढीलाही होती.
एम्लिन मागे उभा. हात खिशात घालून,
म्हणजे मला घ्यावंच लागलं.
चौथ्या ओढीला ती गेली.

काळोख झाल्यावर आम्ही दिवा भिंतीला चिकटवून धरला,
कडेनं येणाऱ्या उजेडापुढे काही लपत नाही.
भिंत तळ्यासारखी.
फक्त तिसऱ्या पायरीच्या उंचीवर
बशीएवढी एक सावली, असून नसल्यासारखी.
मी पाहिली. त्यानंही पाहिली.
रंग लागला की, असं काहीतरी म्हणू लागला,
आणि वाक्य तसंच सोडून दिवा बंद केला.

चहात साखर नव्हती.
आम्ही मागितली नाही.