चिंधी

केबल डोळ्यांनी बघायची नसते, सोलकर म्हणायचे.
डोळा तेलावरनं घसरतो.
जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्यायचा,
केबलभोवती चिमटीत धरायचा
आणि सरकत जायचं शेपटाकडून खुर्चीपर्यंत.
एखादी तार तुटलेली असली
तर ती चिंधीचा धागा ओढून धरते.
"तिला बोलता येत नाय. धरता येतंय."

नांदिवड्याच्या सड्यावर आमची धावपट्टी.
तीन बाजूंना कातळ, चौथीला दर्या.
पत्र्याच्या शेडमध्ये एकसष्ट सालचं पुष्पक,
लाकडी पंखांवर कापड, कापडावर रंग,
रंगावर रोज सकाळी मिठाचा हात.
नाव पुराणातलं असलं
म्हणून गंज लांब राहत नाही.

मी तेव्हा आयटीआयमधून नुकती आलेली.
शनिवारी तपासणी माझ्याकडे होती.
चिंधी सगळीकडे फिरवली,
खुर्चीखालची पुली सोडून.
तिथली पट्टी चौदा स्क्रूंची,
त्यातल्या दोघांची डोकी गुळगुळीत.
ड्रायव्हर फिरत होता, स्क्रू नव्हता फिरत.
चार वाजले होते. सोलकर पावसला लग्नाला गेलेले.
मी सही केली.
बाकी केबल तर स्वच्छच होती ना.

रविवारी किल्लेकरसाहेबांनी
शिष्यवृत्तीत आलेल्या ऋचिता भुवडला वर नेलं.
अकरा मिनिटं.
दीपगृहावरून, मग खाडीवरून,
जेटीवरचे लोक हात हलवत होते.
उतरताना साहेबांनी काठी पोटाशी ओढली,
तिन्ही चाकं एकदम टेकली.
पोरगी उतरली, शेडमागे जाऊन ओकली,
आणि म्हणाली, अजून एकदा.

सोमवारी सोलकरांनी ते दोन स्क्रू
छिन्नीनं खाच पाडून काढले.
टर्नबकल सैल केला, केबल पुलीवरून उचलली,
आणि जिथे ती रोज वळायची
तिथेच बोटांत वाकवली.
ती उमलली.
आतून लाल भुकटी, थेट जांभ्याच्या रंगाची.

सात पदर, पदरात एकोणीस तारा.
वर्तमानपत्रावर चिमट्यानं मीच मोजल्या.
एकशे तेहतिसांतल्या शाबूत
एकोणचाळीस.
परत मोजल्या. एकोणचाळीसच.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथेही पीळ जसाच्या तसा होता, बाहेरून चकचकीत.
सुंभ तेवढा संपला होता.

मला वाटलं, ओरडतील.
ते कागदाची घडी घालत होते,
भुकटी सांडू नये म्हणून सावकाश.
किल्लेकर म्हणाले, ट्रिम होती की.
दर महिन्याला ते काठीला हात न लावता
नुसत्या ट्रिमवर आणि इंजिनावर
उतरायचा सराव करायचे, आम्ही हसायचो.
पण मग ते गडग्यावर जाऊन बसले
आणि चहा तसाच साय धरेपर्यंत हातात.

नवी केबल स्टेनलेसची आली.
आता गंज नाही, मी म्हटलं.
सोलकर म्हणाले, "ही गंजत नाय, झिजते.
न गंजणाऱ्याचा भरवसा जास्त धरू नको."
टर्नबकलला तार ओवून त्यांनी पीळ दिला,
टोक आत वळवलं, कुणाला टोचू नये म्हणून.

ऋचिता आता चिपळूणला बँकेत असते.
परवा काउंटरवर भेटली.
विमान आठवतं का, मी विचारलं.
समुद्र आठवतो, म्हणाली, आणि उलटी.
मी पासबुक घेतलं, निघाले.
काय सांगणार होते?
काही झालं नव्हतं.

सोलकर गेले. शेड आहे.
पुष्पकाचे स्क्रू मी सगळे बदललेत,
तरी ते दोन कुठले, हाताला माहीत आहे.
शनिवार असो, चार वाजलेले असोत,
चौदांतले ते दोन मी आधी काढते.