टाकीवर रेंज येते

एकतीस मार्च. सवलतीचा शेवटचा दिवस.
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन,
खाली लिहिलेलं: पाणीपट्टी आता घरबसल्या भरा.
घरी बसून पाहिलं.
ओट्यावर बसून पाहिलं, गोठ्यात उभं राहून पाहिलं,
मोबाईलवर ते एक वर्तुळ फिरत राहिलं
घाण्याला जुंपल्यासारखं.

आमच्या गावात रेंज एकाच जागी येते,
पाण्याच्या टाकीवर.
म्हणून चढलो.
एक्केचाळीस पायऱ्या, लोखंड तापलेलं,
हाताला दुपट्टा गुंडाळून.

वरून बरंच दिसतं.
पराट्या उपटून ढीग लावलेली वावरं,
मोहाखाली टोपली घेऊन वाकलेलं कोणीतरी,
आणि टाकीच्या पायथ्याशी, व्हॉल्वच्या खड्ड्यात
कमरेपर्यंत शालिकदादा, गालात खर्रा.

दोन दांड्या आल्या.
ग्राहक क्रमांक टाकला, दोनशे सतरा.
नाव आलं देविदास निकाळे.
मी निखाडे.
राहू दे. नळ तर तोच आहे.

तेवढ्यात खालून,
"चढला रे चढला! देविदास टाकीवर चढला!"
मागच्या साली पीकविम्यासाठी तिघं चढले होते,
तेव्हापासून टाकीवरच्या माणसाचा
गावाला एकच अर्थ लागतो.
पोलीस पाटील उकंडराव आले, पायांत दोन जोडांच्या चपला.
बेबीनंदा आली कणकेच्या हातानं.
"काऊन चढला बाप्पा? काय मागनं हाये तुहं?"
मी ओरडलो, "ओटीपी!"

खाली कुजबुज. कोनती योजना हाये ते?
उकंडराव हात जोडून,
"भेटन, भेटन. साहेबाले बोलू आपन. पयले उतर."

भेटला. सहा आकडे.
सातशे वीस गेले, हिरवी खूण आली.
"भरली!" म्हटलं. "पाणीपट्टी भरली!"

कोणी काही बोललं नाही.
बेबीनंदानं तेवढी कपाळावर कणीक लावून घेतली.
मग वच्छलाबाई,
"थांब मंग, उतरू नको. माहीबी भर.
एकशे अठ्ठ्याऐंशी. पैसे घरी आनून देतो."
आणि आकडे वर येऊ लागले,
चौऱ्याण्णव, तीनशे चार, हनीफभाईचा सासष्ट,
मोठ्यानं, लिलावासारखे.
एका म्हातारीला नंबर आठवेना.
ती म्हणे, "लिही ना, शेवग्याखालचा नळ."
मोबाईलमध्ये शेवग्याला जागा नव्हती.

बॅटरी चार टक्क्यांवर आली तेव्हा थांबलो.
टाकीच्या सावलीत पाठ टेकली,
आणि सवयीनं बोटानं ठोकून पाहिलं,
बाजारात माठ घेताना ठोकतात तसं.
पुन्हा, थोडं खाली वाकून. तोच आवाज.

उतरलो. तळवे लाल.
शालिकदादानं खड्ड्यातून वर न बघता विचारलं,
"भरली का?"
"भरली," म्हटलं, "बारा जनाईची."
तो बाजूला थुंकला,
चावी आणखी अर्धा आटा फिरवली.
"हाव. मी टाकीचं पुसून रायलो."