सुरुवात कुठून

टेबलावर त्यानं माहितीपत्रक पसरून ठेवलं होतं,
चार कोपऱ्यांवर बशी, चष्मा, दम्याचा पंप
आणि पाटीच्या दगडाचा एक कपचा,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
घरात. खिडक्या बंद असताना.

"हे," चित्रातल्या निळ्या छतावर बोट ठेवून इड्वाल म्हणाला,
"हे बसवायचं. किती पडतील?"
मी म्हटलं, आधी चष्मा उचला.
उचलला. कागदाचा कोपरा जरासा उठला,
झोपेत कुणाची हाक ऐकावी तसा.
सुरुवात इथून, मी म्हटलं.

उत्तर वेल्समधलं हे गाव, मागे खाणीचे राखाडी ढीग.
शाळेतल्या पाटीचा तोच दगड
भिंतीत, कुंपणात, थडग्यांवर, छपरात.
पावसाला इथे कुणी पाऊस म्हणत नाही,
"ओलं आहे" म्हणतात, आणि कामाला लागतात.

दाराच्या चौकटीत मी लाल कापड ताणलं,
मधोमध पंखा बसवला. सुरू केला.
घरातली हवा बाहेर जाऊ लागली
आणि इतकी वर्षं घर जी चोरून घेत होतं
ती हवा ते आता उघड मागू लागलं.

(यासाठी धुराची कांडी मिळते, महाग.
मी बाजारातून चंदनाच्या उदबत्त्या आणते.)
भिंतीच्या तळाशी धूर आडवा झाला.
माळ्याच्या झाकणाखाली गोंधळला.
दिव्याच्या बटणामागून अशी झुळूक,
की धुरालाच शिंक यावी.
मागच्या दारात मांजराची झडप
आपोआप उघडत होती, मिटत होती.
मांजर जाऊन अकरा वर्षं झाली.
"ती राहू दे."
वहीत लिहिलं: झडप, चर्चा बाकी.

मग तो जिन्याच्या पायरीवर टेकला, पंख्याकडे बघत.
"दवाखान्यात माझंही असंच करतात. नळी देतात.
फुंक म्हणतात. आणखी. आणखी. अजून थोडं.
चौतीस वर्षं दगड सोलला, बाई.
माझ्या आत हवा जात नाही,
ह्याच्या आत ती थांबत नाही.
आम्हां दोघांची सरासरी काढ."

मी पंखा बंद केला.
तो बराच वेळ फिरत राहिला.

"सगळं बुजवू नकोस. कोंडून मरायचं नाही मला."
सगळं नाही, मी म्हटलं.
हवा कुठून यायची ते तुम्ही ठरवायचं,
भेगांनी नाही.
न्हाणीत एक पंखा, खिडकीच्या डोक्यावर जाळी.
गळक्या रांजणासाठी दुसरी विहीर कशाला खणायची?
त्यानं "हं" केलं. पटलं की खोकला आवरला, कळलं नाही.

ऑक्टोबरात माळ्यावर मेंढीची लोकर अंथरली,
वीतभर जाड.
"मेंढ्यांना सांगितलंय ना?" त्यानं विचारलं.
त्या हिवाळ्यात पहिल्यांदा
तो स्वयंपाकघर सोडून पुढच्या खोलीत बसला,
तिथल्या खुर्चीवर अजून प्लास्टिक होतं.

निळं छत आलं ते एप्रिलात.
छपरावरच्या पाट्या त्यानंच सोललेल्या, लग्नाच्या वर्षी.
"पहिली काढाल तेव्हा मला हाक मारा."
पोरानं एक सैल केली, शिडीवरून खाली दिली.
इड्वाल सपाता घालून अंगणात उभा.
त्यानं ती कानाशी धरली, बोटाच्या पेरानं टकटक केली.
"वाजते अजून," म्हणाला. "लावा परत."

आता रात्री नऊच्या सुमाराला फोन येतो.
"आज तीन पूर्णांक दोन."
"आज ओलं. शून्य पूर्णांक चार."
कधी नुसतंच "शून्य",
आणि मग काहीच नाही,
फक्त त्याचा श्वास, आत, बाहेर.
मी मोजत नाही.

"आणि झडप?" काल विचारलं.
"आतून घोंगडीचा तुकडा लावलाय.
खिळा नाही मारला."